चकतीचा फोन, ३,१५० ची बोली आणि व्हिडिओत न सांगितलेला हिशोब



फोनचा व्हिडिओ तुम्ही पाहिलाच असेल. पार्सलमधून काळा, धुळीने माखलेला डायलचा फोन निघतो, साडेचार मिनिटांत चकाचक होतो आणि शेवटी खणखण वाजतो. त्यावर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न एकच: "दादा, यात किती सुटले?"

खरं सांगू? सुटले नाहीत, घातले. खिशातून दीड हजार गेले, आणि माझा वेळ धरला तर त्याच्या जवळपास तिप्पट. व्हिडिओत हे मी सांगितलं नाही, कारण वाजणारा फोन पाहायला बरा वाटतो, तोट्याचा तक्ता कोणी पाहत नाही. पण नंतर तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी लिहिलं, "मी पण जुन्या वस्तूंचं काम सुरू करतोय, पहिला फोन मागवला." तेव्हा वाटलं, आता गप्प बसणं बरोबर नाही. म्हणून आज पूर्ण हिशोब देतो, कुठे चुकलो त्या जागेसकट.

सुरुवात बोलीपासून करतो, कारण माझा तोटा तिथेच झाला. फोन हातात यायच्या आधीच.

ईबे इंडिया २०१८ मध्ये बंद झालं. तेव्हापासून आपल्याकडे जुन्या वस्तूंचे ऑनलाइन लिलाव बहुतेक छोट्या-मोठ्या लिलाववाल्यांच्या साइटवर किंवा ग्रुपमध्ये चालतात. अशाच एका ठिकाणी मला हा फोन दिसला. तीन फोटो, सगळे समोरून. खाली लिहिलं होतं, "विंटेज, वर्किंग कंडिशन". माझ्या दुकानात गिफ्टच्या वस्तू, दिवे, घर सजवायच्या वस्तू असतात. असा एक फोन काउंटरवर ठेवला तर गिऱ्हाईक थांबेल, आणि नंतर विकलाही जाईल, असा विचार होता. कागदावर लिहून ठेवलं: जास्तीत जास्त १,८००.

रात्री साडेनऊला लिलाव संपणार होता. नऊ अठ्ठावीसला भाव १,७०० होता. मी १,८०० टाकले. समोरच्याने १,९०० टाकले. मी २,०००. या साइटवर शेवटच्या मिनिटात बोली आली की वेळ आपोआप वाढते, हे मला माहीत होतं, तरी प्रत्येक वेळी वाटायचं की आता समोरचा सोडेल. पावणेदहाला मी ३,१५० वर फोन "जिंकला". जिंकला हा शब्द साइटने वापरला होता. आई बाजूला बसली होती. ती म्हणाली, "घरात चार चार मोबाइल हायेत, अन् हे कायले पाह्यजे तुले?" मी म्हटलं, धंद्यासाठी. ती म्हणाली, "मंग धंद्यासारखं घ्याव ना."

तिला बीबीए नाही, मला आहे. कॉस्टिंगच्या पेपरात मला चांगले मार्क होते.

३,१५० वर लिलाववाल्याचं १० टक्के कमिशन, म्हणजे ३१५. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, ५७. कुरियर ४२०. फोन दारात आला तेव्हा त्याची किंमत ३,९४२ झालेली होती. बोली लावताना डोळ्यासमोर फक्त बोलीचा आकडा असतो, हे लक्षात ठेवा. तुमची मर्यादा १,८०० असेल तर ती दारात पडणाऱ्या किमतीची ठेवा, बोलीची नाही. म्हणजे बोली साधारण १,२०० ला थांबते.

पार्सल उघडलं आणि कळलं की "वर्किंग" कशाला म्हणतात. रिसीव्हर उचलला की खाली क्रॅडलची बटणं वर येत नव्हती. डायलमध्ये बोट घालून ५ फिरवला तर चकती अर्ध्यात अडकायची. घंटीच्या दोन वाट्यांपैकी एकच होती. आणि रिसीव्हर दुसऱ्याच फोनचा होता. रंग तोच, पण चकाकी वेगळी. अंग खणखणीत, जड, बेकेलाइटचं, आणि रिसीव्हर हलक्या प्लास्टिकचा.

इथे थोडं वस्तूबद्दल सांगतो, कारण हे माहीत नसेल तर खरेदीत मार बसतो.

आपल्याकडे घराघरात, ऑफिसात, अडत्यांच्या गादीवर जे डायलचे फोन होते, त्यातले बरेच इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचे, म्हणजे आयटीआयचे. ही सरकारी कंपनी १९४८ साली बेंगळुरूला सुरू झाली. तेव्हा फोन विकत मिळत नसे. कनेक्शनसोबत खात्याकडून यायचा आणि खात्याचाच राहायचा. टपाल आणि तार, नंतर १९८५ मध्ये दूरसंचार वेगळं झालं, आणि १ ऑक्टोबर २००० पासून बीएसएनएल. म्हणून जुन्या फोनच्या बुडाशी खात्याचा शिक्का किंवा अक्षरं सापडतात. खात्याने मोडीत काढलेला माल लिलावात जायचा, तिथून भंगारवाल्याकडे, तिथून आपल्याकडे. आजही बीएसएनएलची भंगार एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात निघते. पण तिथे लॉट मोठे असतात, अनामत भरावी लागते, आणि माल "जसा आहे, जिथे आहे" या अटीवर घ्यायचा असतो. एकट्या माणसाने पहिल्याच महिन्यात तिकडे जाऊ नये. मोठा माल कोणाकडून घेतला तर मात्र त्याच्याकडे लिलावाचा कागद आहे का ते पाहा. सरकारी शिक्का असलेला माल पावतीशिवाय घेऊन उद्या कोणी विचारलं तर काय दाखवाल?

बेकेलाइट हे १९०७ मध्ये लिओ बेकलँड यांनी शोधलेलं कृत्रिम प्लास्टिक. हे एकदा साच्यात घट्ट झालं की परत वितळत नाही. त्यामुळे तडा गेला तर गरम करून सांधता येत नाही. नखाने वाजवलं तर ठक असा कोरडा आवाज येतो, आणि अंगठ्याने जोरात घासून गरम केलं की औषधासारखा उग्र वास येतो. नंतरचे रंगीत फोन साध्या प्लास्टिकचे, ते उन्हाने पिवळे पडतात. याशिवाय तिसरा प्रकार, लाकडी बैठकीचे, पितळेच्या नळीचे "राजवाडा" फोन. ते बहुतेक नवीन बनवलेले असतात. उत्तर भारतातले पितळकाम करणारे कारागीर ते छान बनवतात. नवीन म्हणून विका, काही हरकत नाही. पण "आजोबांच्या काळातला" म्हणून विकलात तर एक दिवस जाणकार गिऱ्हाईक दुकानात उभा राहील.

आणि विदेशी फोन घेत असाल तर डायलचे आकडे नीट पाहा. आपल्या डायलवर १ ला एक ठोका आणि ० ला दहा. स्वीडनच्या जुन्या डायलवर ० ला एकच ठोका असतो, न्यूझीलंडच्या डायलवर आकडे उलटे लावलेले असतात. फोटोत सुंदर दिसतो, आणि इथे लावला की नंबर भलतीकडे जातो.

ठोका म्हणजे काय ते सांगतो, कारण पूर्ण दुरुस्ती त्याच्यावर आहे. तुम्ही डायल फिरवता तेव्हा काहीच होत नाही, फक्त आतली स्प्रिंग भरते. बोट सोडल्यावर चकती परत येते, तेव्हा लाइन तुटते-जुळते, तुटते-जुळते. ५ फिरवला तर पाच वेळा. एक्स्चेंज ते ठोके मोजतं. वेग ठरलेला आहे, सेकंदाला १० ठोके. पोलिसांचा १०० फिरवला तर १ अधिक १० अधिक १०, एकूण २१ ठोके. हा वेग एकसारखा ठेवायला आत गव्हर्नर नावाचा छोटा भाग असतो. दोन इवलीशी वजनं गरगर फिरतात, वेग वाढला की बाहेर फाकतात आणि वाटीच्या आतल्या भिंतीला घासून वेग कमी करतात.

हे सगळं एक्स्चेंज आपोआप मोजेल, ही कल्पना कोणाची माहीत आहे? कुठल्या मोठ्या कंपनीच्या इंजिनिअरची नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत अंत्यसंस्काराचं सामान आणि सेवा देणारा एक दुकानदार होता, अल्मन स्ट्रोजर. असं सांगतात की गावातल्या दुसऱ्या तशाच दुकानदाराची बायको टेलिफोन ऑपरेटर होती, आणि स्ट्रोजरचे फोन ती आपल्या नवऱ्याकडे जोडून द्यायची. ही गोष्ट किती खरी, किती रंगवलेली, देव जाणे. पण त्याने ऑपरेटरशिवाय चालणाऱ्या एक्स्चेंजचं पेटंट १० मार्च १८९१ ला मिळवलं, आणि पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट या गावी तसलं पहिलं एक्स्चेंज सुरू झालं. गिऱ्हाईक पळवल्याचा राग असा पण कामी येतो.

आता माझ्या चुका.

पहिली चूक, मी अंग रात्रभर साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवलं. इंटरनेटवर कोणीतरी प्लास्टिकच्या फोनला तसं केलं होतं. बेकेलाइटमध्ये लाकडाचा भुसा मिसळलेला असतो. वरची चकाकी झिजलेली असेल तर ते पाणी पितं. सकाळी फोन काळा राहिला नव्हता, खडूच्या पाटीसारखा राखाडी झाला होता. नंतर पितळेच्या पॉलिशने दोन दिवस घासला तेव्हा कुठे थोडी चमक आली. बरोबर पद्धत अशी: ओलसर फडकं, साबणाचे दोन थेंब, लगेच कोरडं करायचं. मग पॉलिश थोड्या जागेवर, गोल गोल, मऊ कापडाने. शेवटी मेण. थिनर, स्पिरिट लांब ठेवा.

दुसरी चूक, अडकलेल्या डायलमध्ये गंज काढायचा स्प्रे मारला. डायल सुटली, मी खूश. पण स्प्रे गव्हर्नरच्या वाटीत गेला, घर्षण गेलं, आणि चकती भुर्रकन परत यायला लागली. तसा फोन एक्स्चेंजला जोडला असता तर ठोके मोजताच आले नसते.

तिसरी चूक मला तेव्हा चूक वाटलीच नाही. डायलच्या मधोमध एक गोल कागद असतो, वर पारदर्शक चकती. माझ्या फोनमधला कागद तेलकट, तपकिरी, कडा खाल्लेला होता. काहीतरी लिहिलेलं होतं, पुसट. मी तो काढला, फेकला, आणि कॉम्प्युटरवर छान नवीन छापून बसवला. व्हिडिओत दिसतो ना, तोच.

एवढं करून फोन मुकाच. इतवाऱ्यातल्या एका भंगारवाल्याकडून ३५० ला एक फुटका फोन आणला, घंटीची वाटी आणि जुळणारा रिसीव्हर त्यातून मिळाला. पण डायल माझ्याने होईना. अमरावतीत दोघा-तिघांना विचारलं. मोबाइल रिपेअरवाला म्हणाला, "भाऊ, याचं चार्जिंग पोर्ट कुठे आहे?" तो गंमत करत होता, असं मी समजतो.

मग एका नातेवाईकाने अकोल्याच्या काकांचं सांगितलं. टेलिफोन खात्यात मेकॅनिक होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. मी फोन पिशवीत घालून निघालो. अमरावती-अकोला रस्ता आता मस्त आहे. याच रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीजमध्ये नाव गेलं होतं. आधी याच रस्त्यावर आपली हाडं मोजून व्हायची, ते वेगळं.

काकांनी फोन हातात घेतला, उलटा केला, बुडाशी नाक लावून वास घेतला. "पाण्यात बुडवला काय?" मी म्हटलं, हो. "काऊन? भांडं हाय काय थे?"

मग ० फिरवला, सोडला, कान दिला. "लय पळून राह्यली. स्प्रे मारला." हे त्यांनी विचारलं नाही, सांगितलं.

त्यांची टेस्ट तुम्हीही करू शकता. ० फिरवून सोडा आणि परतीचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा. दहा टिकटिक एका सेकंदाच्या आसपास झाल्या पाहिजेत. खूप लवकर झाल्या तर गव्हर्नरमध्ये तेल, खूप उशिरा झाल्या तर जुनं ग्रीस वाळलेलं. काकांनी डायल पूर्ण खोलली. वाटी पुसून कोरडी केली, आणि तेल फक्त दोन टोकांना, सुईच्या अग्राने. घड्याळाचं तेल. शिलाई मशीनचं पण जाड पडतं म्हणाले. क्रॅडलखालच्या संपर्कपट्ट्यांना मी घरून पॉलिश पेपर घेऊन गेलो होतो, तो त्यांनी बाजूला ठेवला. जाड कागदाची पट्टी दोन पट्ट्यांच्या मधून ओढली, तीन-चार वेळा. पॉलिश पेपरने वरचा मुलामा जातो आणि मग महिन्या-महिन्याला खरखर येते. रिसीव्हरमध्ये बोलायच्या बाजूला कोळशाचे बारीक दाणे असतात, ते बसून घट्ट होतात आणि आवाज दबतो. ते त्यांनी तळहातावर दोन-तीनदा आपटून सैल केले. आवाज थोडा सुधारला, पूर्ण नाही. तो भाग शेवटी २०० रुपये देऊन बदलला.

काम करता करता ते बोलत होते. ट्रंक कॉल बुक करून तासन् तास वाट पाहणं. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन दर. कापसाच्या सीझनमध्ये अडत्याच्या गादीवरचा फोन बंद पडला तर तो स्वतः सायकल घेऊन एक्स्चेंजला यायचा, तक्रार लिहायला नाही, मेकॅनिकला कॅरिअरवर बसवून न्यायला. मुंबईचा भाव कळायला दोन तास उशीर झाला तर किती नुकसान, हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं.

शेवटी डायल बसवताना त्यांनी मधला कागद पाहिला. "हा तर नवीन हाय. मधातला जुना कुठी गेला?"

"फेकला काका. खराब झाला होता."

ते काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "त्याच्यावर नंबर राहते ना बाबू. नंबर पाहून मी तुले सांगतलं असतं का फोन कोनत्या गावचा, कधीचा."

तीन आकडी नंबर, चार आकडी नंबर, कोणत्या गावाला कधी किती आकडे होते, हे त्यांच्या डोक्यात होतं. एका कागदावरून त्यांनी फोनचा पत्ता लावला असता. मी तो कागद ओल्या कचऱ्यात टाकला होता.

काकांकडे मी तीन चकरा केल्या. पेट्रोल आणि चहापाणी धरून ४०० प्रमाणे १,२००. पहिल्या वेळी मी पैसे विचारले, ते म्हणाले, "पैशे नको बाप्पा, बऱ्याच दिवसांनी हातात डायल आली." मला फार बरं वाटलं. मी घरी येऊन वहीत लिहिलं: मजुरी, शून्य. आणि लगेच पुढचा विचारही केला, की असे महिन्याला दहा फोन केले तर एका फोनमागे किती सुटतील.

मित्रांनो, हे मी मुद्दाम सांगतोय, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या वहीत असा शून्य आहे. बायको पॅकिंग करते, शून्य. भाऊ डिलिव्हरी करतो, शून्य. मामाच्या गोडाऊनमध्ये माल ठेवला, शून्य. तिसऱ्या चकरेला मी काकांना उत्साहाने सांगितलं की आता मी महिन्याला दहा फोन आणणार. त्यांनी चष्मा काढला. "दहा आणशील त दहाही मी फुकट करू काय? एक केला हौसेनं. दहा म्हणजे काम झालं ना." आवाज चढवला नाही, हसतच म्हणाले. पण मला मान वर करता आली नाही. त्या फोनचे मी त्यांना २,००० दिले. त्यांनी घेतले. घ्यायलाच पाहिजे होते.

आता पूर्ण तक्ता पाहा. दारात पडलेला फोन ३,९४२. फुटका फोन ३५०, नवीन कॉर्ड १८०, पॉलिश आणि मेण १६०, बोलायचा भाग २००. प्रवास १,२००. काका २,०००. एकूण ८,०३२. माझे १९ तास. माझ्या दुकानात हाताखालच्या माणसाला जे पडतं त्या हिशोबाने तासाला १५० धरले, तर आणखी २,८५०.

विकला कितीला? मी ९,००० सांगितले होते. नागपूरचे एक कॅफेवाले आले. त्यांना फोन आवडला, डायल दोन-तीनदा फिरवून पाहिली. मग विचारलं, "कुठला आहे हा? कोणाकडे होता?" मी म्हटलं, लिलावात घेतला. "नंबरचा कागद मूळ आहे?" मी म्हटलं, नाही, मी छापला. रिसीव्हरही बदललेला आहे, हेही सांगितलं. मनात आलं होतं की न सांगावं. व्हिडिओत मी स्वतःच तो बदलताना दाखवलं होतं म्हणून सांगितलं असेन, किंवा काकांमुळे. ते म्हणाले, "मग हा सजावटीचा फोन झाला. सजावटीचे ६,५०० देतो." मी दिला. ८,०३२ वजा ६,५००, तोटा १,५३२. तास धरून ४,३८२.

त्या कागदावर अकोला, खामगाव, मूर्तिजापूर असं एखाद्या गावाचं नाव निघालं असतं, तर सौदा कदाचित वेगळा झाला असता. नक्की नाही सांगता येत. पण कॅफेवाल्यांचा पहिला प्रश्न तोच होता.

त्यानंतर मी लिलाव सोडला नाही, फक्त तिथून फोन घेणं थांबवलं. अकोल्यात एक जुनं ऑफिस रिकामं होत होतं, तिथून पाच बंद फोन एकगठ्ठा ४,००० ला घेतले, मालकाच्या सहीची पावती घेऊन. पाचातून तीन चांगले झाले, दोन सुट्या भागांना गेले. काकांसोबत ठरलं: डायल आणि घंटी मिळून एका फोनचे ७००, घेतानाच रोख, आणि मी एका चकरेत तिन्ही नेणार. म्हणजे २,१००. बाकी सामान, पॅकिंग, प्रवास मिळून ९००. तीन फोन ७,००० मध्ये पडले, एक साधारण २,३३३. एका फोनला माझे पाच तास, कारण आता मी पाण्यात बुडवत नाही. दोन फोन ५,५०० प्रमाणे गेले.

तिसरा विकलाच नाही, तो भाड्याने जातो. लग्नात हल्ली ऑडिओ गेस्टबुक नावाचा प्रकार आला आहे. पाहुण्याने रिसीव्हर उचलला की नवरा-नवरीच्या आवाजात दोन वाक्यं ऐकू येतात, मग बीप, आणि पाहुणा जे बोलेल ते रेकॉर्ड होतं. आत फक्त एक छोटं रेकॉर्डिंगचं सर्किट, आणि क्रॅडलचं बटण तेच जुनं. एका कार्यक्रमाचे २,५०० घेतो. आपल्याकडच्या लग्नात आजी लोक रिसीव्हर धरून जे बोलतात ना, "हॅलो, कोन बोलून राह्यलं," त्याने नवरीकडचे खरे खूश होतात. सर्किट बसवताना मूळ घंटी आणि वायरिंग काढून फेकू नका, पिशवीत नाव लिहून ठेवा. उद्या फोन परत मूळ रूपात करता आला पाहिजे.

आणखी दोन-तीन गोष्टी, विचारलेल्या म्हणून.

"घरच्या फायबरला हा फोन लागतो का?" मोडेमच्या मागे फोनचं पोर्ट असेल तर फोन येतो, बोलता येतं. पण अनेक मोडेमला डायलचे ठोके कळत नाहीत, त्यांना बटणाच्या फोनचे सूर लागतात, त्यामुळे इथून नंबर लागत नाही. ठोक्यांचे सूर करणारा कन्व्हर्टर मधे लावता येतो. घंटीही मोडेमच्या कमी ताकदीमुळे कधी बारीक वाजते. विकताना हे आधी सांगा. "चालू आहे" एवढंच सांगितलं तर तुम्ही माझ्या लिलाववाल्यासारखेच झालात. आणि एक सावधगिरी: जुन्या तांब्याच्या लाइनवर शांत असताना ४८ व्होल्ट असतात, पण घंटी वाजताना त्याहून बरेच जास्त. उघड्या तारांना तेव्हा हात लावू नका.

"जीएसटीचं काय?" जुन्या वस्तूंचा व्यवहार करणाऱ्यांना एक सोय आहे, सीजीएसटी नियम ३२ चा उपनियम ५. खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतलं नसेल, आणि वस्तू आहे तशी किंवा मूळ रूप न बदलता किरकोळ काम करून विकली, तर कर पूर्ण किमतीवर नाही, खरेदी-विक्रीच्या फरकावर लागतो. पण त्यासाठी खरेदीचा कागद पाहिजेच. गेस्टबुकचं सर्किट घातलं तर ते किरकोळ काम की रूप बदलणं, हे तुमच्या सीएला विचारा, मला नाही. दुसऱ्या राज्यात माल विकायचा असेल तर उलाढाल कमी असली तरी नोंदणी लागते, हेही त्यालाच विचारून घ्या.

"परदेशात विकता येईल का?" वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते, खाजगी माणसाला बाहेर पाठवता येत नाही, इथे विकायलाही परवाना लागतो. आयटीआयचे फोन त्यात बसत नाहीत. पण घरातली एखादी खरंच फार जुनी वस्तू काढली असेल तर आधी तिचं वय तपासा.

आता दुकानात एक डबा ठेवला आहे. फोन आला की स्क्रू ड्रायव्हरच्या आधी मोबाइल काढतो. वरून, खालून, आतून फोटो, शिक्क्यांचे फोटो, आणि मधल्या कागदाचा जवळून. मग कागद न पुसता प्लास्टिकच्या पाकिटात, पाकिटावर फोनचा नंबर. सध्या डब्यात चार आहेत. त्यातल्या एकावर शाईने ३१७ लिहिलेलं वाचता येतं, खाली एक अक्षर, बहुतेक "मू". रविवारी दोन डायल घेऊन अकोल्याला जातोय, तेव्हा तो कागद काकांना दाखवणार आहे. येताना घड्याळाच्या तेलाची बाटली आणायला सांगितली आहे त्यांनी, अकोल्यात सध्या मिळत नाही म्हणतात. अमरावतीत कोणाला ठाऊक असेल तर कळवा.